इंदूची पंचमी

इंदे, तुझी शपथ मी मोडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला जीभ मोकळी होईल. आज वद्य षष्ठी. तुला जाऊन बरोब्बर एक महिना झाला. या महिन्यात गावातल्या बायका तुझ्याविषयी जेवढं बोलल्या, तेवढं तू होतीस त्या सव्वीस वर्षांत बोलल्या नसतील, आणि त्याला कारण मी. तू असतीस तर माझ्याशी आठ दिवस अबोला धरला असतास. नवव्या दिवशी दाराशी येऊन, काही झालंच नाही अशा तोंडाने म्हणाली असतीस, "मने, विरजण आहे का गं?" तुझा राग नेहमी असाच उतरायचा. यावेळी मी विरजण घेऊन बसले आहे आणि तू येत नाहीस.

आपल्या दोघींच्या वाड्या लागून. मध्ये माडाच्या झापांचं कुंपण आणि त्यात तू पाडलेलं भगदाड. तुझे वडील लवकर गेले, घरात तू आणि तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, आणि सुपारीची एवढी थोरली वाडी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण चौथीत होतो. शाळेत पेढे वाटले. तू तुझा पेढा काकूंसाठी म्हणून परकराच्या ओच्यात बांधलास आणि घर येईपर्यंत चाटून संपवलास. काकूंना मात्र शपथेवर सांगितलंस की पेढे मला मिळालेच नाहीत. खोटं बोलणं तुला तेव्हापासून जमत नव्हतं. ओच्याला साखर लागलेली होती.

पुढे याच पोरीला दहा वर्षं खोटं जगायला लागावं, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली अजून उतरत नाही.

मला चौदाव्या वर्षी कावळा शिवला. तुला शिवला नाही. पंधरावं गेलं, सोळावं लागलं. काकूंनी काढे दिले, तीळ-गूळ चारला, कुलदेवतेला नवस बोलून झाले. शेवटी एका मार्गशीर्षात त्या तुला घेऊन बोटीने मुंबईला गेल्या. चार दिवसांनी परत आलात, आणि पुढच्या वद्य पंचमीला तू मागच्या पडवीत वेगळ्या चटईवर बसलेली दिसलीस. बाजूला तुझा वेगळा तांब्या, वेगळी ताटली. माझ्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाली, "मुंबईच्या डॉक्टरणीचा हातगुण चांगला हो." मी तर आनंदाने उड्या मारायची बाकी होते. आता आपण दोघी सारख्या झालो, एवढंच मला कळलं.

तेव्हापासून दर महिन्याला तू पंचमीलाच बसायचीस. चतुर्थीला संकष्टीचा नैवेद्य करायचीस, चंद्र बघून जेवायचीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत. काकूंचे कायदे त्यांचे स्वतःचे होते. सोललेल्या नारळाला बाहेरचीने हात लावायचा नाही, न सोललेला चालतो. सुपारी सालात असते तोवर तिला विटाळ नाही, म्हणून ते चार दिवस तू वाळल्या सुपाऱ्या सोलायच्या. शाळेला विटाळ नसतो हेही त्यांनीच ठरवलेलं, कारण तू फायनल पास होऊन शाळेत शिकवायला लागलीस तेव्हा महिन्याला चार दिवस रजा कोण देणार!

एकदा माझी पाळी तुझ्या पंचमीला जुळून आली. दोघी बाहेरच्या, म्हणजे एकमेकींना शिवायला मोकळ्या. मी माझा तांब्या घेऊन तुमच्या पडवीत आले. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पोट धरून पडले होते. तू सुपाऱ्या सोलत होतीस आणि मला वेण्या घालून देईन म्हणत होतीस. मी विचारलं, "तुझं कसं गं कधी दुखत नाही?" तुझे हात थांबले. वाळत घातलेल्या फडक्यांकडे बघून तू म्हणालीस, "मने, ती फडकी आई नुसती भिजवून वाळत घालते. मला काही येत नाही. येणारही नाही. पोटात ती पिशवीच नाही माझ्या, जन्मापासून."

मी ताडकन उठून बसले. आणि मला सुचलं काय, तर, "अगं, म्हणजे मी तुला शिवले! तुला विटाळ झाला!"

तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग जी हसायला लागलीस! मीही हसले. सुपाऱ्यांची पाटी लवंडली. काकू माजघरातून ओरडल्या, "बाहेर बसलेल्या पोरींनी एवढं खिदळू नये." त्यावर आपण आणखी हसलो. इंदे, तुला खरं सांगू, त्या दिवसाइतकं मोठ्याने तुला हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

हसणं ओसरल्यावर तू मुंबईचं सांगितलंस. खाली मान घालून, सुपारी सोलता सोलता. तुला एका टेबलावर निजवलं होतं. डॉक्टरीण वयस्कर होती, पण तिच्यामागे शिकाऊ डॉक्टर उभे होते, सात की आठ. त्यांत मुलगेही होते. तुला कुणी काही विचारलं नाही. पांघरूण काढलं, आणि डॉक्टरीण त्यांना इंग्रजीत समजावत राहिली. त्यातल्या एकाने वहीत काहीतरी काढून घेतलं. तू छतावरच्या पंख्याची पाती मोजत होतीस. "तीन होती," तू मला म्हणालीस. "मी तीनच पाती कितीदा मोजली असतील." काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना तू यातलं अक्षर सांगितलं नाहीस, आणि मला दोन शपथा घातल्यास: पिशवीचं कुणाला सांगायचं नाही, आणि या टेबलाचं आईला कधीच नाही. डॉक्टरणीने त्यांना सांगितलं होतं म्हणे की मुलगी बाकी धडधाकट आहे, तिला शिकवा, तिच्याशी बोला. काकूंनी शिकवलं. बोलणं मात्र त्यांना झेपलं नाही. बोटीवरून उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाला कळता कामा नये. मी बघते काय ते." आणि त्यांनी पंचमी शोधून काढली.

मी काकूंवर फार रागावले होते, आता तेवढी रागावू शकत नाही. तरुणपणी विधवा झालेली बाई, एकटीने वाडी राखलेली. आपल्या पोरीकडे बोट दाखवून कुणी काही बोललं तर आपण उभं कुठे राहायचं, एवढंच त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी तिथी फार हिशेबाने निवडली होती. संकष्टी चुकत नाही, गणपती-गौरी सापडत नाहीत, नवरात्र मोकळं, दिवाळी मोकळी. सोवळ्यातली बाई ती! लेकीच्या खोट्या विटाळातसुद्धा देवाचं काही चुकू नये ही काळजी. आणि नेमकी तिथेच त्या चुकल्या.

कारण खऱ्या बाईचं असं होत नाही. मला तर दर दोन वर्षांनी गौरीच नेमक्या गाठायच्या. तू मात्र सहा वर्षांत एकाही सणाला बाजूला बसली नाहीस. आमच्याकडे गौरी यायच्या तेव्हा दारापासून माजघरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं तू काढायचीस. पाची बोटं मोजून घ्यावीत अशी. माझी आई म्हणायची, "काय पुण्याची पोर आहे! एकदा चुकली नाही." त्यावर पलीकडच्या सोनूमावशींनी एका गौरीत सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "असं कसं गो? पंचांगातसुद्धा एखाद्या तिथीचा क्षय होतो, हिचा नाही होत!" बायका हसल्या. तू पिठाची वाटी घेऊन उभी होतीस, तुझ्या हातातून ती निसटली नाही याचंच मला नवल वाटलं.

पुढच्या वर्षी गौरींच्या आधी मी तुझ्याकडे आले आणि शहाणपण शिकवलं. म्हटलं, या गौरीत तू बस. एकदा बसलीस की सगळ्यांची तोंडं बंद होतील. काकूंना ते पटलं. गौरींचे तिन्ही दिवस तू मागच्या पडवीत बसलीस. आमच्या घरातली आरती तुला कुंपणातून ऐकू येत असणार. पावलं त्या वर्षी मी काढली, ती बदकाची दिसत होती. भगदाडातून मी तुला ताट दिलं, तर तू विचारलंस, "बोटं पाचच काढलीस ना?" मी हो म्हटलं. तू जेवली नाहीस. ताट तसंच परत आलं. तुझ्या वाट्याला वर्षातून एक आनंदाचा दिवस येत होता, तोही मी माझ्या हुशारीने काढून घेतला. तुझं रक्षण केलं म्हणून आठ दिवस मी मिरवत होते.

आणि ते तुझ्या शाळेतले मास्तर. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. तोवर माझं लग्न झालं होतं, सासर तीन वाड्या सोडून, कडेवर पोर. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला काकू पत्रिकेत कडक मंगळ असल्याचं सांगत होत्या. मास्तरांना मंगळाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सरळ तुलाच विचारलं. तू संध्याकाळी माझ्याकडे आलीस. चेहरा असा की मला वाटलं, तुला ताप आहे. म्हणालीस, "मने, मी त्यांना सगळं सांगते. नाही म्हणाले तर म्हणू देत. एका माणसाला तरी खरं सांगू दे गं मला."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? उद्या ते सगळ्या शाळेत सांगतील."

"ते तसे नाहीत."

"सगळे पुरुष तसेच."

"तुझा नवरा आहे?"

मी चिडून म्हटलं, "माझं वेगळं आहे. मला लपवायला काही नाही." हे वाक्य मी बोलले, इंदू. तोंडातून गेलं आणि तू पायरी उतरून चालायला लागलीस. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी तू मास्तरांना नाही म्हटलंस, कारण दिलं नाहीस. वर्षाने त्यांनी बदली मागून घेतली. ते कसे होते, नाही म्हणाले असते की हो, हे आता कुणालाच कळायचं नाही. मी तुझ्याकडे त्याची क्षमा मागायची ठरवलं होतं. दर दिवाळीत ठरवत होते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तुझे डोळे सकाळी सुजलेले दिसायला लागले. मी म्हटलं, रडतेस काय? तू म्हणालीस, झोप झाली नाही. मग पावलं सुजली, वहाणेचा पट्टा रुतायला लागला. कंबर धरून फळ्यासमोर उभी राहायचीस, अन्न नकोसं झालं. एक दिवस मी हटूनच बसले, बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे चल म्हणून. तू म्हणालीस, "ते लघवी तपासायला मागतील. मग कुठे दुखतं विचारतील. मग निजायला सांगतील. मी नाही येणार."

"मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

"आणखी एक बघणारी," तू म्हणालीस. मग माझा हात धरून तुझ्या डोक्यावर ठेवलास. "आईला नाही, तुझ्या नवऱ्याला नाही, कुणालाच सांगायचं नाही. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी घाबरले गं. शिकलेली बाई मी, पण त्या शब्दांना घाबरले. आणि दुसरंही होतं. तुझं गुपित राखायची मला इतकी सवय झाली होती की त्यात एक गुपित आणखी सहज मावलं. सात महिने मी तोंड उघडलं नाही. तुझी ती शपथ पाळली आणि तुझं मेलेलं तोंड बघितलं.

तू वर्गात कोसळलीस तेव्हा मग कुणी कुणाला विचारत बसलं नाही. काकू आणि मी तुला बोटीने मुंबईला नेलं. तिथला डॉक्टर कोवळा होता, आपल्याहून लहान असेल. त्याने खाटेभोवती पडदा ओढून घेतला, तुला विचारलं, "ताई, तपासू ना?" आणि तू हो म्हणेपर्यंत तो हात मागे बांधून उभा राहिला. फोटो काढले, सुया टोचल्या. मग मला बाहेर बोलावून म्हणाला, हिला मूत्रपिंड एकच आहे, जन्मापासून. ज्या मुलींना गर्भाशय नसतं त्यांच्यातल्या काहींना असं असतं. ते एकच फार दिवस सडत होतं. "यांनी आधी कुणाला दाखवलं नाही?" मी खाटेपाशी परत आले तर तू हळूच म्हणालीस, "मने, तेव्हा असा एक जरी भेटला असता ना…" पुढचं तू बोलली नाहीस. मला ते पाठ आहे.

तुला घरी आणलं. पंचमीचा दिवस काढलास आणि षष्ठीला उन्हं वर आल्यावर गेलीस. काकूंच्या मांडीवर डोकं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते. बायका जमल्या. मी न्हाणीघरात चुलाण्यावर पाणी तापत ठेवलं. तुला उचलायला चौघी पुढे झाल्या आणि सोनूमावशी बोटांवर मोजायला लागल्या. "काल पंचमी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणजे हिचा आज दुसरा दिवस." चौघींनी हात मागे घेतले. बाहेरची असताना गेलेल्या बाईला तसा अग्नी देत नाहीत. ओटीवरून भटजींनी विचारलं, "खरं का?" पंचगव्य आणावं लागेल, गोमूत्र, भस्म, घागरींवर घागरी, प्रायश्चित्त. तुझ्या उघड्या अंगाभोवती इतका वेळ इतक्या जणींनी उभं राहायचं. सगळ्या काकूंकडे बघत होत्या.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हो. दुसरा दिवस."

मला ते टेबल दिसलं, इंदे. पंखा दिसला. सात की आठ जण दिसले. आणि मी बोलले. "नाही. ती बाहेरची नाही. ती कधीच बाहेरची नव्हती. तिला जन्मात कधी आलं नाही. जन्मतःच तिला गर्भाशय नव्हतं, त्यात तिचा काही दोष नव्हता. आम्ही तिला दहा वर्षं उगाच बसवलं."

चुलाण्यावरचं पाणी उकळत होतं. मग सोनूमावशी पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी तुझे पाय उचलले. आम्ही तुला सगळ्यांकडे पाठ करून, लुगड्याचा आडोसा धरून आंघोळ घातली. पाणी घालता घालता मावशी मला हळू म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गो. त्या गौरीत ती बसली ना, तेव्हाच कळलं. आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक होतं."

"मग आत्ता दिवस कशाला मोजलेत?"

"तिच्या आईने एवढं झाकलं, ते शेवटच्या दिवशी आम्ही उघडं पाडायचं? मोजले नसते तर आम्हाला ठाऊक आहे ते दिसलं असतं, म्हणून मोजले. तुम्ही लपवत होतात म्हणून आम्ही कुणी विचारलं नाही."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. तू ज्यांच्यापासून तोंड चुकवून जगलीस, डॉक्टरांकडे गेली नाहीस, मास्तरांना नाही म्हणालीस, त्यांना ते ठाऊकच होतं. त्यांनी तुला वाळीत टाकलं नाही, हळदीकुंकवाला बोलवायच्या थांबल्या नाहीत. फक्त बोलल्या नाहीत. एकीने जरी कुंपणाशी येऊन म्हटलं असतं, "पोरी, आम्हाला ठाऊक आहे, तू खुशाल घरात बस," तर? मी स्वतःलाही त्यातून वगळत नाही. मी तर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची.

काल वद्य पंचमी होती. माझी पाळी नेमकी सकाळीच आली. सासूबाईंना सांगून मी मागच्या वाटेने तुमच्या पडवीत गेले. का गेले ते मलाच माहीत नाही. काकूंनी तुझी चटई अंथरून ठेवली होती आणि त्यावर त्या स्वतः बसल्या होत्या, पुढ्यात सुपाऱ्यांची पाटी. सोलत नव्हत्या. मी लांब, भिंतीशी बसले. म्हटलं, "काकू, मी बाहेरची आहे. इकडे येऊ नका."

त्या उठल्या आणि माझ्या अंगाला अंग लावून बसल्या. घटकाभराने त्यांनी माझा हात हातात घेतला. ज्या बाईने तीस वर्षांत धुतल्या तांदळावर कुणाची सावली पडू दिली नाही, ती बाई! मी म्हटलं, "काकू, शिवलात."

"शिवू दे," त्या म्हणाल्या. मग फडकी वाळत घालायची त्या दोरीकडे बघत त्यांनी विचारलं, "मने, मुंबईला त्या पहिल्या वेळी तिला आत नेलं, तेव्हा काय झालं गो? मी बाहेर बसले होते. तिला मी कधी विचारलंच नाही."

मी तुझी दुसरी शपथही मोडली, इंदू. टेबलापासून सुरुवात केली.